मारेगावच्या उन्हाला साजेल असा उंबरठा

मिड-सेंच्युरी मॉडर्न या नावाखाली घराच्या प्रवेशभागाची जी चित्रं सध्या मोबाइलवर फिरतात, त्यांत बहुतेक वेळा एक भलीमोठी काचेची भिंत असते, मोहरीच्या रंगाचं दार असतं, वर सपाट बुटकं छप्पर आणि दाराशेजारी निमुळत्या पायांचं लाकडी बाकडं. विदर्भातल्या मारेगावात नवं घर बांधणाऱ्या एखाद्या जोडप्यानं हे चित्र कंत्राटदाराला दाखवलं, तर तो ते हुबेहूब उभं करून देईलही. पण मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा ती काच तापेल आणि दार उघडताच फुफाटा थेट बैठकीत येईल. ही शैली मला फार आवडते. म्हणूनच ती मारेगावात चित्रातून न आणता तिच्या मूळ विचारातून आणावी, असं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-अडीच दशकांत ही शैली बहरली. कॅलिफोर्नियात जोसेफ आयक्लर या बिल्डरनं 1949 ते 1966 या काळात सुमारे 11,000 घरं मध्यमवर्गासाठी बांधली. त्यांतली बरीचशी रस्त्याकडून जवळजवळ बंद दिसतात. त्यांतल्या अनेक घरांत फाटकातून आत गेलं की आधी उघडा चौक लागतो आणि मग काचेपलीकडचं घर. आपल्याकडच्या वाड्याची रचना याहून फार वेगळी नव्हती: रस्त्यावर भक्कम दरवाजा, आत ढेलज, मग चौक. साध्या घरात ढेलजेच्या जागी छपरी आली. पाहुणा आधी तिथेच टेकतो, पाणी पितो, बोलणी तिथेच होतात आणि घरातल्यांची दुपार आत निवांत राहते. मारेगावच्या घराचा प्रवेश दारापाशी सुरू न होता छपरीपाशी सुरू होतो. डिझाइनचा पैसा आणि डोकं तिथेच लागलं पाहिजे.

भारतात हा आधुनिकतावाद उशिरा किंवा उसना आला असं समजायचं कारण नाही. कोकणातल्या आचऱ्यात 1916 साली जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे गेले आणि परतल्यावर त्यांनी अहमदाबादची ‘अटिरा’ संस्थेची इमारत केली. पन्नाशीच्या दशकात चंदीगड उभं राहत होतं, तेव्हा वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या घडवल्या गेल्या. पुढे त्या भंगारात निघाल्या आणि आज परदेशी लिलावांत प्रचंड किमतीला जातात. आणि विदर्भातल्या जुन्या सरकारी क्वार्टरांत काय होतं? सिमेंटच्या जाळीचा व्हरांडा, मोझॅकची फरशी, सरळ रेषेतला छज्जा, सागवानी दार. हीच ती शैली, आपल्या हवेत मुरलेली. तिला कुणी नाव दिलं नाही, म्हणून आपण ती पाडत सुटलो आहोत.

आता प्रत्यक्ष मोजमापाचं. मारेगाव साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे 20-21 मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस दुपारी तो दक्षिणेकडे, क्षितिजापासून 46 अंशांच्या आसपास उतरतो. दार दक्षिणेला असेल आणि दहा फुटांवर चार फूट रुंद छज्जा काढला, तर उन्हाळ्यात मध्यान्हीची भिंत पूर्ण सावलीत राहते. हिवाळ्यात मात्र सावली भिंतीवर सव्वाचार फुटांपर्यंतच उतरते आणि खालच्या भागावर कोवळं ऊन येतं. आडवा, लांब, पातळ छज्जा हे या शैलीचं सर्वांत ओळखीचं लक्षण आहे आणि इथे त्याला खरं काम आहे. दार पश्चिमेला असेल तर मात्र छज्ज्याचा उपयोग थोडा. चार-पाच वाजताचं तिरपं ऊन त्याच्या खालून सरळ आत शिरतं. तिथे उभी जाळी हवी, किंवा अंगणात कडुनिंब.

सिमेंटची जाळी हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग. ती ऊन फोडते, वारा जाऊ देते, रस्त्यावरून आतलं दिसू देत नाही. शिवाय आपल्या भागातला एक जुना प्रश्न ती सोडवते, तो म्हणजे कूलरचा. लाखो रुपये खर्चून सजवलेल्या घराच्या तोंडावर लोखंडी स्टँडवरचा कूलर उभा असतो, कारण नकाशात त्याला जागाच दिलेली नसते. कूलरला बाहेरची ताजी हवा ओढावी लागते, म्हणून तो घरात ठेवून चालत नाही. छपरीच्या एका टोकाला, सावलीच्या बाजूला, जाळीमागे त्याचा कोनाडा पहिल्या दिवशीच आखावा. पाण्याचा नळ, प्लगची जागा आणि सांडपाण्याची वाट तिथेच काढावी. हवा बाहेर पडायला समोरच्या भिंतीत झडपही लागेल.

चित्रातली एक गोष्ट मात्र निग्रहानं सोडायची: जमिनीच्या पातळीला टेकलेलं घर. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ओतलेला कोबा किंवा पायऱ्या काही हंगामांत तडकतात. पायव्यातली काळी माती काढून मुरूम भरून दाबणं टाळता येत नाही. जोतं दोन फूट तरी हवंच, पाण्यासाठी आणि साप-विंचवांसाठीही. मग तो आडवा, बुटका डौल कसा येणार? पायऱ्या अरुंद न ठेवता छपरीच्या पूर्ण लांबीच्या करा आणि त्यांच्या बाजूला बसता येईल असा ओटा काढा. घर लगेच जमिनीला धरून दिसतं. पहिल्या पायरीशी पाय धुवायची छोटी मोरी ठेवा. जुलैत चपलेला किलोभर चिखल घेऊन शेतातून आलेल्या माणसासाठी तोच खरा प्रवेशभाग.

फरशीला मोझॅकच. जागेवर ओतलेली, काळ्या-पांढऱ्या किंवा विटकरी खड्यांची, मध्ये काचेच्या पट्ट्या घातलेली आणि मशीननं घासलेली. ती वर्षानुवर्षं टिकते आणि पुन्हा पॉलिश होते. छपरीत मात्र फार गुळगुळीत पॉलिश करू नका, पावसात पाय घसरतो.

लाकडासाठी लांब जायला नको. यवतमाळ-चंद्रपूरचा साग नावाजलेला आहे. घेताना गाभ्याचं लाकूड पाहून घ्या. कडेच्या फिकट भागाला वाळवी लागते. दार साधं, सपाट, तेल लावलेलं असावं. बाकडं गावच्या सुताराकडूनच करून घ्या. वेताची विणकाम केलेली बैठक उन्हाळ्यात घाम धरत नाही. रंग एकच पुरे, दारावर किंवा एका भिंतीवर.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा: पायवा, छज्जा, जाळी, फरशी. दिवे, पितळी मुठी आणि कुंड्या नंतर कधीही येतात. आणि जुनं घर किंवा क्वार्टर पाडायला काढलं असेल, तर जेसीबी येण्याआधी सागवानी चौकट, दार आणि शाबूत जाळ्या सोडवून बाजूला ठेवा. नव्या छपरीचं निम्मं सामान तिथेच मिळेल.