मशीन धुते, पण पिळत नाही!

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गळीत हंगाम आटोपला की मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. कुलूप उघडल्यावर पहिले काम असते ते फडावरून आणलेल्या गोधड्या-चादरी धुण्याचे. हप्त्यावर घेतलेली दोन टबांची मशीन कोपऱ्यात उभीच असते. बटण फिरवावे तर धुण्याचा टब चालतो. पिळण्याचा, ज्याला आपण ड्रायर म्हणतो, तो मात्र जागचा हलत नाही. मग 'मोटार गेली' असे कोणीतरी सांगतो आणि घरात चिंता सुरू होते. आमचे सांगणे इतकेच, की मोटार गेली असे ठरवण्याआधी घरच्या माणसांनी मशीनकडे दहा मिनिटे नीट पाहावे. घाम गाळून आणलेला पैसा आहे तो.

या मशीनला मोटारी दोन असतात. एक धुण्याची, एक पिळण्याची. म्हणून एक चालते आणि दुसरी चालत नाही, यात नवल नाही. पिळण्याची मोटार थेट टबाखालीच जोडलेली असते आणि मिनिटाला सुमारे १,३०० ते १,४०० फेरे घेते.

आता कान द्या. टायमर फिरवला, झाकण लावले आणि मशीन अगदी गप्प असेल, तर वीज मोटारीपर्यंत पोहोचतच नाही. झाकण नीट बसले आहे का ते पाहा. झाकणाखाली एक छोटा स्विच असतो. तो दाबला गेल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. टायमर बिघडलेला असू शकतो. आणि मशीन पाच-सहा महिने बंद पडून होती ना? मग प्लग काढून मागचे झाकण उघडा आणि उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हे आधी पाहा. खेड्यापाड्यांतल्या बंद घरांत हे नेहमीचेच आहे.

'घूं' असा आवाज येतो, पण टब फिरत नाही, असे असेल तर बटण लगेच बंद करा. तशीच घुमत ठेवलेली मोटार तापते आणि मग खरोखरच जळते. या आवाजामागे बहुधा तीन कारणे असतात. पहिले, कमी दाबाची वीज. आपल्याकडे संध्याकाळी दिवे मिणमिणतात, त्या वेळी २३० ऐवजी १६० व्होल्ट मिळत असतील, तर मोटारीचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. पहाटे किंवा दुपारी पुन्हा चालवून पाहा. दुसरे, कंडेन्सर. पंख्याला असतो तसाच तो मोटारीला सुरुवातीचा झटका देतो. तो दोन-तीनशे रुपयांच्या आत मिळतो. मोटारीला हजाराच्या पुढे लागतात. जुन्यावर जो आकडा लिहिलेला असेल त्याच आकड्याचा नवा घ्यावा. मात्र प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते, म्हणून त्याला घरच्यांनी हात लावू नये.

तिसरे कारण म्हणजे ब्रेक, आणि बंद राहिलेल्या मशीनच्या बाबतीत आमचा पहिला संशय यावरच असतो. झाकण उचलले की एक तार ब्रेक आवळते आणि फिरता टब थांबतो. झाकण लावले की ब्रेक सुटतो. ओलीमुळे गंज चढला, की ब्रेक आवळलेलाच राहतो. प्लग काढून एकाने झाकण वर-खाली करावे, दुसऱ्याने मागून पाहावे. तार हलत नसेल किंवा ढिली पडली असेल, तर दोष सापडला.

मोटार फिरल्याचा आवाज येतो, पण टब थांबलेला, असे असेल तर दोघांना जोडणाऱ्या भागाचा बोल्ट ढिला झालेला असतो. पान्याचे काम आहे.

एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. काही मिस्त्री झाकणाचा स्विच काढून वायर 'डायरेक्ट' जोडून देतात. मशीन चालते, पैसेही कमी लागतात. पण मग झाकण उघडे असतानाही मोटारीची वीज बंद होत नाही आणि टब फिरत राहू शकतो. त्यात पदर किंवा ओढणी अडकली, लहान मुलाने हात घातला, तर हात मोडायला क्षणही लागत नाही. असे काम करू देऊ नका. स्विच नवा बसवायला सांगा.

पाण्याची टंचाई असल्याने पुष्कळ घरांत मशीनचे पाणी बादलीत किंवा पिंपात धरून संडासाला वापरतात. चांगली सवय आहे. पण पाइप उंच पिंपात टाकला की पाणी चढत नाही, ते ड्रायरच्या तळाशी साचते आणि टब त्या पाण्यातच अडखळतो. पाइप खालीच ठेवावा. टबाच्या बाजूच्या फटीत रुमाल किंवा पायमोजा पडला तरी हेच होते. ओली गोधडी एका बाजूला कोंबली तर टब धडधडतो. कपडे सारखे पसरून वर प्लास्टिकची चकती दाबावी. एका धुण्याचे कपडे दोनदा करून पिळावेत. (हे घरातल्या मुलांनाही शिकवा; कपडे त्यांचेही असतात.)

पैठण तालुक्यातील चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या मशीन मराठवाड्यात पुष्कळ घरांत आल्या. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा जुन्या मशीनसाठी तुटलेला भाग सोबत घेऊनच दुकानात जावे. मापाचा दुसरा बहुधा मिळतो. मिस्त्रीने काही बदलले, तर जुना भाग परत मागून घ्यावा.

आणि पुढच्या हंगामाला निघताना प्लग काढा, पाइपातले पाणी पूर्ण काढून टाका, टब कोरडे पुसा, मशीन विटांवर किंवा स्टँडवर ठेवा आणि तळाला बारीक जाळी बांधा.