उद्याचं ठाऊक नसलेली दामिनी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. तोवर त्याचा बराचसा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यातच होता. म्हणून औरंगाबादच्या अभिनेत्री प्रतीक्षा लोणकर यांच्यावर जालनेकरांनी हक्क सांगितला, तर मला तो रास्तच वाटतो. चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी यांच्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून त्या घडल्या. १९९१ साली रंगभूमीवर आलेल्या ‘चारचौघी’तल्या चौघींपैकी एक त्या होत्या.

मग १९९७ साली दूरदर्शनवर ‘दामिनी’ आली. मराठीतली ही पहिली दैनंदिन मालिका, अन्यायाशी भिडणाऱ्या एका पत्रकार बाईची. ती बाई, दामिनी, साकारली प्रतीक्षा लोणकर यांनी. छपरावर अँटेना असली की मालिका दिसे, केबलची गरज नव्हती. शहरातल्या दिवाणखान्यात पोचली तशीच ती जालना जिल्ह्यातल्या मंठा-घनसावंगीकडच्या वाडीवस्तीवरही पोचू शकत होती.

रोजच्या मालिकेत काम करणं म्हणजे काय, याचा विचार करू लागलं की थक्क व्हायला होतं. नाटकातली बाई तीन तासांत आयुष्य जगून मोकळी होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या अंकापासून सुरुवात. सिनेमाची गोष्ट शेवटापर्यंत ठाऊक असते. मालिकेचा मात्र शेवटच लिहिलेला नसतो! ज्या बाईचं पुढे काय होणार हे माहीत नाही, ती पूर्ण विश्वासाने उभी करायची. त्यात चित्रीकरण होतं जागेच्या सोयीने. एकाच घरातले चार-पाच भागांतले प्रसंग एका दिवसात उरकतात. समेट आधी होतो, भांडण नंतर. साडी, टिकली, केस यांची नोंद ठेवायला माणसं असतात. पण कालचा राग आज किती उरलाय, ही नोंद नटीनेच मनात ठेवायची. आणि हे एकदोनदा नव्हे, दीड हजारांच्या आसपास भाग!

मालिकेत एवढं बोलून झाल्यावर २००५ साली नागेश कुकुनूर यांच्या ‘इक्बाल’ या सिनेमात प्रतीक्षा लोणकर एका मूकबधिर मुलाची आई झाल्या. हा मुलगा शेतकऱ्याचा, ध्यास वेगवान गोलंदाजीचा, बाप विरोधात. क्रिकेटवेडी आई मात्र गुपचूप पोराच्या पाठीशी. त्याच्याशी बोलायचं ते हाताच्या खुणांनी. तिची माया आणि नवऱ्यापासून काही लपवताना होणारी घालमेल, दोन्ही त्या खुणांतून आणि डोळ्यांतून समजतात. मला त्यांचं हे काम फार मोलाचं वाटतं. पुढच्याच वर्षी कुकुनूर यांनी ‘डोर’मध्ये त्यांना राजस्थानातल्या एका हवेलीत नेऊन ठेवलं, तरुण विधवा सुनेची सासू म्हणून.