मिरजेच्या दर्ग्यातली हजेरी

मिरजेच्या ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब दर्ग्याचा उरूस भरला की आवारात गाण्याच्या रात्री रंगतात. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशी मोठी मंडळी इथे गाऊन गेली. गवई इथे मैफल करायला येत नाही, हजेरी लावायला येतो. ही रीत ज्यांच्यामुळे रुजली ते उस्ताद अब्दुल करीम खाँ याच आवारात विसावले आहेत.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. याच गावावरून ‘किराणा घराणे’ हे नाव पडले. वाण्याच्या दुकानाशी त्याचा काही संबंध नाही. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. गळ्याबरोबर सारंगी, बीन, सतार यांवरही हात बसला. तरुणपणी ते धाकटे भाऊ अब्दुल हक यांच्यासह बडोद्याच्या दरबारात गाऊ लागले. तिथे राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचे मन जुळले. धर्म वेगळा, दर्जा वेगळा. दोघांनी बडोदा सोडले, मुंबई गाठली आणि संसार मांडला.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात ‘आर्य संगीत विद्यालय’ काढले. शिष्य तिथेच राहत, जेवत आणि शिकत. त्यांच्यात मराठी हिंदू घरांतली मुले पुष्कळ होती. खर्चाची तोंडमिळवणी करायला खाँसाहेब गावोगाव तिकीट लावून जलसे करत. घराण्याची विद्या रक्ताच्या नात्याबाहेर जाऊ द्यायची नाही, असा तो काळ होता. त्या काळात या उस्तादाने परक्या मुलांना घरात ठेवून शिकवले. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, हे त्यांचेच शिष्य.

विद्यालय चालले, पण संसार टिकला नाही. १९२२ मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले आणि चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली. धाकट्या बहिणींतल्या एकीला महाराष्ट्र सरस्वतीबाई राणे म्हणून ओळखू लागला. ज्या बापाचे नाव कागदावरून गेले, त्याचा सूर मात्र या मुलांच्या गळ्यातून गेला नाही. हिराबाईंनी तालीम घेतली ती किराण्याच्याच अब्दुल वहीद खाँ यांची. त्यांचा आवाज लागला की जाणकारांना कैराना आठवे. घर मोडले, पण गाण्याचे नाते कोणाला मोडता आले नाही.

त्यानंतर खाँसाहेबांनी मिरजेत बस्तान बसवले. मिरजेशी त्यांचा जिव्हाळा जुना होता. एकदा प्लेगने गाठले असता मीरासाहेबांच्या दर्ग्यात दुआ मागितली, बरे झाले आणि तेव्हापासून तिथे गाण्याची हजेरी सुरू झाली, असे सांगितले जाते. शिवाय मिरज हे सतारमेकरांचे गाव. पूर्वी हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी इथे तंबोरे आणि सतारी घडवायला सुरुवात केली होती. खाँसाहेब स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात वाकबगार होते. तंबोऱ्याची जवारी मनासारखी लागल्याशिवाय त्यांचे गाणे सुरू होत नसे.

‘ताल गया तो बाल गया, सुर गया तो सर गया’ ही गवयांची जुनी म्हण. खाँसाहेबांचे सगळे गाणे तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर उभे होते. बारीक, उंच, काहीसा अनुनासिक आवाज. ताना होत्या, पण त्या दाखवण्यासाठी नव्हत्या. एकेका सुरावर थांबायचे, तो पूर्ण उजळेपर्यंत पुढे सरकायचे नाही, ही त्यांची पद्धत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचा अभ्यास करत होते, तेव्हा सुरांची ती सूक्ष्म अंतरे गळ्यातून दाखवायला त्यांना खाँसाहेबांची मदत झाली.

म्हैसूर दरबाराच्या निमित्ताने ते वारंवार दक्षिणेत जात. उत्तरेचे गवई कर्नाटक संगीताकडे फारसे वळून पाहत नव्हते, तेव्हा त्यांनी तिथल्या सरगमची गोडी उचलली आणि त्यागराजांची रचना ध्वनिमुद्रित केली. ‘मानापमान’ नाटकातले मराठी पदही त्यांनी गायले. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी गदगच्या एका पोराने ऐकली आणि गाणे शिकण्यासाठी घर सोडले. तो पोरगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे सवाई गंधर्वांच्या पायाशी बसून त्याने तीच तालीम घेतली आणि १९५३ पासून पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. दर थंडीत त्या मंडपात बसणाऱ्या हजारो रसिकांपैकी किती जणांना ठाऊक असते, की या वाटेचा माग मिरजेच्या दर्ग्यापर्यंत जातो?

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासला गाऊन पाँडिचेरीला निघाले. रमजान जेमतेम आठ-दहा दिवसांवर आला होता. वाटेत छातीत कळ आली. चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमल कोविल या छोट्या स्टेशनवर शिष्यांनी त्यांना उतरवून घेतले. फलाटावर सतरंजी अंथरली. खाँसाहेबांनी नमाज अदा केली, तंबोरा जुळवायला सांगितले आणि दरबारी रागाच्या सुरांत कलमा म्हणता म्हणता डोळे मिटले, असे शिष्यपरंपरा सांगते. तारीख होती २७ ऑक्टोबर. देह मिरजेला आणला गेला.

त्यांच्या आयुष्यातली शेवटची तयारी दोनच गोष्टींची होती, नमाजेची आणि तंबोऱ्याची. त्या दोहोंत त्यांना कधी भांडण दिसले नाही. आजही उरुसाच्या रात्री मिरजेत तंबोरे जुळतात, तेव्हा समोरच्या गर्दीत कोण कुठल्या देवाचा, हे कोणी विचारत नाही. ‘सा’ लागला की नाही, एवढेच सगळे ऐकत असतात.