चतुःसीमेच्या बाहेरचें घर



‘लग्न पाहावें करून आणि घर पाहावें बांधून’ ही म्हण आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. जागा घेणें हा मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यांतला बहुधा सर्वांत मोठा व्यवहार असतो. आयुष्यभराची शिल्लक, पत्नीचे दागिने आणि पुढील वीस वर्षांचे हप्ते हें सारें तो एका कागदाच्या भरंवशावर लावतो. त्या कागदास आपण खरेदीखत म्हणतों. खरेदीखतांत जागेची लांबी-रुंदी असते आणि तिची चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमक्याचा भूखंड, उत्तरेस नाला. या चार सीमांच्या आंत जें आहे तें आपलें, अशी आपली समजूत असते. ती कायद्यानें बरोबरही आहे. परंतु आपण पैसे मोजतों ते मात्र बहुतांशीं या सीमांच्या बाहेर जें आहे त्याबद्दल. नांदेड आणि लातूर या आपल्या दोन शहरांच्या उदाहरणांनीं हीच गोष्ट आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

प्रथम लातूरची गंजगोलाई पाहूं. फैयाजुद्दीन नांवाच्या नगररचनाकारानें हा गोल चौक आंखला. मध्यभागीं जगदंबेचें मंदिर, भोवतीं १९१७ सालीं उभी राहिलेली दुमजली वर्तुळाकार इमारत, आणि तिला चहूंबाजूंनीं येऊन मिळणारे सोळा रस्ते. त्यापूर्वीं १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरपर्यंत आली होती, त्यामुळें मालाला बाहेरची वाट मिळाली होती. गोलाईभोवतींच्या रस्त्यांवर एकेका व्यापाराची वस्ती झाली. कोठें सोनें-चांदी, कोठें पादत्राणें, कोठें मिरची, कोठें गूळ. खेड्यांतून आलेला शेतकरी एका फेरींत लग्नाचा सारा बस्ता बांधून घेऊं शके. आतां विचार करा, गोलाईंतल्या दहा हातांच्या दुकानाला भाव कां येतो? त्या दुकानाच्या विटा कांहीं सोन्याच्या नाहींत. एका रस्त्यावरच्या दुकानाचें मोल बाकीच्या पंधरा रस्त्यांनीं निर्माण केलेलें असतें. तें ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यांत लिहिलेलें नसतें. तें साऱ्या गांवानें मिळून केलेलें असतें.

नांदेडची घडण निराळी, पण तत्त्व तेंच. येथें गोदावरी आहे आणि तिच्या कांठचे घाट आहेत. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगजींनीं येथेंच देह ठेवला, आणि महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयानें १८३२ ते १८३७ या काळांत सचखंड श्रीहुजूरसाहेबांची वास्तु उभी राहिली. देशोदेशींचा यात्रेकरू नांदेडास येतो तो या स्थानासाठीं. पुढें मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग नांदेडवरून गेला. जुनी वस्ती इतवाऱ्यासारख्या पेठांतून दाटली, तर वजिराबादेसारख्या भागांत बाजारपेठ वाढली. गोदावरीच्या दक्षिणेस सिडको आणि हडको या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या वसाहती झाल्या, आणि १९९७ सालीं नांदेड-वाघाळा अशी जोडनांवाची महानगरपालिका अस्तित्वांत आली. २००८ सालीं गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्यानिमित्तानें शासनाचा मोठा निधि आला, रस्ते रुंद झाले, शहराचा चेहरा पालटला. रुंद झालेल्या रस्त्यालगत ज्याची जागा होती, त्याच्या जागेचा भाव वाढला. त्यानें स्वतः एक वीटही रचली नव्हती. उलट, रुंदीकरणांत ज्याची ओसरी गेली, त्यानें शहराच्या सोयीसाठीं आपल्या घराचा तुकडा दिला. जागेच्या भावांत असा दुसऱ्याचा त्यागही मिसळलेला असतो, हें आपण विसरतों.

चतुःसीमेच्या बाहेरचें हें धन केवळ पैशांचें नसतें. मराठवाड्यांतलें जुनें घर आठवा. दगडमातीच्या रुंद भिंती, सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, म्हणजेच माळवद. घर किती मोठें, तें खणांत सांगत. दारांतून आंत येतांच ढेलज लागे. आलागेला, वाटसरू, सालगडी, गांवचा जोशी, सगळे तेथें टेकत. ढेलज घराची असली तरी वापर गांवाचा असे. उन्हाळ्यांत रात्रीं माळवदावर अंथरुणें पडत आणि या घरच्या गोष्टी त्या घरच्या माळवदावरून पुढें जात. एकांत कमी होता, हें खरें. पण एकटेपणही नव्हतें.

या घराचा एक भयंकर दोष ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे उघड झाला. किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ ते दहा हजार माणसें गेलीं. मातीनें सांधलेल्या दगडी भिंती बाहेर फुटल्या आणि माळवदाचें ओझें झोपलेल्या कुटुंबांवर आलें. ज्या मातीनें उन्हाळ्यांत गारवा दिला, तिनेंच जीव घेतला. त्यानंतर पन्नासांवर गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. आंखीव रस्ते, सुटीं घरें, भिंतींना एकत्र बांधणारे काँक्रीटचे पट्टे, ही सुरक्षितता अत्यंत आवश्यक होती व तिच्याबद्दल दुमत असूं नये. परंतु गल्लीची जवळीक नकाशावर आंखून देतां येत नाहीं. पुष्कळ कुटुंबांनीं पुढें आपल्या हातांनीं ओटे बांधले, पडव्या काढल्या, आणि सरळ रेषांच्या त्या वसाहतींत हळूहळू पुन्हां शेजार निर्माण केला. मजबूत भिंत शासन देऊं शकतें. शेजार ज्याचा त्यानेंच बांधावा लागतो.

आतां अलीकडच्या काळाकडे येऊं. दयानंद आणि राजर्षि शाहू या महाविद्यालयांच्या यशामुळें ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द साऱ्या महाराष्ट्रांत रूढ झाला. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशासाठीं दूरदूरचीं मुलें लातुरास येऊन राहूं लागलीं. शिकवण्यांचे वर्ग निघाले. त्यांच्या आसपास घरांवर मजले चढले. मजल्यांच्या खोल्या झाल्या आणि खोल्यांत खाटा पडल्या. खाणावळींनीं कितीतरी भगिनींच्या हातांत स्वतःचा पैसा आला. नांदेडांतही शिकवणीवर्गांच्या भागांत हेंच दृश्य दिसतें. यांत वाईट कांहीं नाहीं. शिक्षकाच्या नात्यानें मला तर आनंदच आहे कीं, येथें जागेला भाव आला तो मद्याच्या दुकानामुळें नव्हे, तर गणित आणि जीवशास्त्रामुळें. पण एक गोष्ट लक्षांत घ्यावयास हवी. विद्यार्थी दोन वर्षें राहतो आणि जातो. ज्या गल्लींत दहांपैकीं सात घरें अशीं भाड्याचीं होतात, तेथें गल्लीचा म्हणून माणूस उरत नाहीं. सतरा वर्षांचा मुलगा आजारी पडला, निराश झाला, दोन दिवस जेवावयास आला नाहीं, तर हें कोणाच्या ध्यानांत येणार? पालक खोली पाहतात, भाडें विचारतात, पंखा चालतो कीं नाहीं हें बघतात. शेजारीं कोण राहतें, हें मात्र विचारीत नाहींत. घरमालकांनीं भाड्याबरोबर थोडें पालकत्वही पत्करलें पाहिजे, असें मी आग्रहानें म्हणेन.

पाण्याची गोष्ट तर याहूनही बोलकी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें आणि लातूर शहर तहानेलें झालें. पाणी भरण्याच्या ठिकाणीं जमाव होऊन तंटे होऊं नयेत म्हणून मनाईहुकूम काढावा लागला. एप्रिल महिन्यांत मिरजेहून रेल्वेनें पाणी आणण्यास प्रारंभ झाला. पहिल्या गाडीनें पांच लाख लिटर पाणी आणलें, आणि पुढें अशा शंभरांहून अधिक फेऱ्या झाल्या. त्या दिवसांत संगमरवरी फरशीचा बंगला आणि पत्र्याची खोली यांत फरक राहिला नाहीं. दोन्ही घरांच्या घागरी टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या. ज्यानें आपल्या चतुःसीमेंत खोल विंधनविहीर घेतली होती, त्याचाही तळ कोरडा पडला, कारण भूगर्भांतलें पाणी कुंपण ओळखीत नाहीं. जागा वैयक्तिक असते, पाणी सामाईक असतें, हा धडा त्या उन्हाळ्यानें दिला.

असें असतां आपण जागा घेतांना काय करतों? शहराच्या कडेला एखाद्या शेताचे तुकडे पडतात. चाळीस गुंठ्यांचा एकर. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. अर्धा गुंठा, एक गुंठा असे भाग नुसत्या मुद्रांकावर विकले जातात. भाव कमी असतो म्हणून गरजू माणूस घेतो. वस्तुतः शंभर रुपये वा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेंच झाली पाहिजे, असें १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो. तें राहो. त्या भूखंडाचा भाव कमी असतो तो कां? तेथें रस्त्यासाठीं जागा सोडलेली नसते, गटार नसतें, मुलांना खेळावयास मोकळी जागा नसते. म्हणजे चतुःसीमेच्या बाहेरचें जें सामाईक धन, तेंच विकणाऱ्यानें कापून ठेवलेलें असतें. शासनानें २००१ सालीं गुंठेवारीचा कायदा करून अशा वस्त्या नियमित करण्याची वाट काढली आणि २०२१ च्या दुरुस्तीनें ती २०२० अखेरपर्यंतच्या वस्त्यांना खुली केली. परंतु कागद नियमित झाला म्हणून आठ फुटांच्या बोळांत अग्निशामक बंब शिरत नाहीं.

मराठवाड्यांत आणखी एक सावधगिरी हवी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता, त्यामुळें येथील जमिनींचा इतिहास पुण्या-साताऱ्याहून वेगळा आहे. जुने दस्त बहुधा उर्दूंत असतात. जमीन पूर्वीं इनामी होती काय, देवस्थानाच्या अथवा सेवेच्या इनामाची होती काय, १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याखालीं तिच्यावर संरक्षित कूळ होतें काय, हें पाहावें लागतें. कारण अशा जमिनींच्या विक्रीवर निर्बंध असूं शकतात. म्हणून आजचा सातबारा पाहून थांबूं नये. १९५४-५५ चें खासरापत्रक आणि त्यानंतरचे फेरफार जाणत्या वकिलाकडून तपासून घ्यावे. मोठा गृहप्रकल्प असेल तर २०१७ पासून सुरू झालेल्या महारेराकडील नोंदणी पाहावी. सदनिका घेतली असेल तर इमारतीखालची जमीन रहिवाशांच्या नांवें केव्हां होणार, हें आरंभींच लेखी ठरवावें.

एवढें झालें म्हणजे कागद पुरे झाले. पण प्रश्न पुरा झाला नाहीं. मंजूर रेखांकनाचा नकाशा हातांत घ्या. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या रेखांकनांत दहा टक्के क्षेत्र मोकळें ठेवावें लागतें. हा कोपरा नकाशावर हिरवा असतो. आपण आपला भूखंड मोजून घेतों, खुंट्या ठोकतों, कुंपण घालतों. पण तो हिरवा कोपरा कोणीच मोजून घेत नाहीं. तो सर्वांचा असतो, म्हणजे व्यवहारांत कोणाचाच नसतो. पांच वर्षांनीं तेथें कोणाच्या विटा पडतात, मग पत्र्याचें शेड उभें राहतें, मग त्या शेडला घरक्रमांक मिळतो. आपल्या कुंपणाची वीतभर जागा सरकली तर आपण कोर्टांत जातों. पण मुलांचें क्रीडांगण नाहींसें होत असतां ‘आपल्याला काय करावयाचें?’ असें म्हणून दार लावून घेतों. वस्तुतः त्या क्रीडांगणाचा आपला हिस्सा आपण खरेदीच्याच दिवशीं पैसे देऊन घेतलेला असतो.

तेव्हां माझी सूचना साधी आहे. जागा घेण्यापूर्वीं त्या गल्लींत तीन वेळां जावें: एकदां सकाळीं पाणी येण्याच्या वेळीं, एकदां पावसांत, आणि एकदां दिवेलागणीस. सकाळीं पाणी कळेल, पावसांत उतार आणि गटार कळेल, आणि दिवेलागणीस माणसें कळतील. राहावयास गेल्यावर पहिल्या वर्षांतच वसाहतींतल्या चार घरांनीं एकत्र बसून मोकळी जागा मोजून घ्यावी, नगरपालिकेंत तिची नोंद पाहावी आणि तिच्या कडेनें कडुनिंब लावावे. छपरावरचें पावसाचें पाणी जमिनींत मुरविण्याची योजनाही एकट्यानें करण्यापेक्षां गल्लीनें करावी. या कामांना पैसा थोडा लागतो. लागते ती एकमेकांची ओळख.

आपल्या मुलाबाळांना आपण खरेदीखत वारसानें देऊं. त्यांतली चतुःसीमा पुढील पिढीलाही तीच राहील. पण त्या सीमेपलीकडे रस्ता, पाणी, सावली आणि हाक मारल्यावर ओ देणारा माणूस असेल कीं नसेल, हें मात्र आज आपण काय करतों यावर अवलंबून आहे.