आमच्या घरची कॉन्टेसा

आमच्या घरी १९९३ ते २००९ अशी सोळा वर्षं एक कॉन्टेसा होती. आजच्या कॉलेजातल्या मुलांना ही गाडी रीलमधून माहीत असते. काळा मॅट रंग, रुंद टायर, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आणि खाली ओळ, 'इंडियन मसल कार'. आमची तशी नव्हती. ती पांढरी होती. मागच्या काचेखालच्या फळीवर आजीनं क्रोशानं विणलेला रुमाल असायचा आणि डिकीत कायम पाण्याचा एक कॅन. तरीही गल्लीतली मुलं तिच्याभोवती जमायची आणि बाबा तिला रविवारी सकाळी स्वतः धुवायचे. हे काम त्यांनी कधी कोणाला दिलं नाही.

ती गाडी गेली त्याला आता पंधराहून अधिक वर्षं झाली. मध्यंतरी ताईच्या मुलानं विचारलं, "मामा, तुमच्याकडे खरंच मसल कार होती?" त्याला उत्तर देता देता बरंच काही आठवलं, म्हणून हा लेख.

मसल कार म्हणावं का?

खरं सांगायचं तर मसल कार ही अमेरिकेची गोष्ट. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं व्ही-८ इंजिन बसवायचं आणि तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायचं, हा तिथला १९६० च्या दशकातला प्रयोग. १९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओ ही त्यातली पहिली मानली जाते. तिचं इंजिन ६.४ लिटरचं आणि ताकद ३२५ अश्वशक्ती.

आता आमच्या गाडीचा हिशेब बघा. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ च्या सुमारास कॉन्टेसा आणली तेव्हा तिच्यात अॅम्बेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं. ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास. शरीर पहिलवानाचं आणि दम शाळकरी पोराचा! चढावर तिला मागून येणारे ट्रकही हॉर्न द्यायचे, असं बाबा सांगतात. पुढे तिच्यात जपानच्या इसुझू कंपनीच्या तंत्रज्ञानाचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, नावापुढे 'क्लासिक' लागलं आणि मग कुठे तिला रूपाला शोभेल अशी चाल मिळाली. तरी जीटीओच्या एक तृतीयांशही ताकद नव्हती.

मग 'मसल कार' हे नाव चिकटलं कसं? रूपामुळे. लांब बॉनेट, पुढे चार गोल दिवे, कमरेशी किंचित आत वळलेली बाजू आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. हे रूप आलं इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या १९७० च्या दशकातल्या गाडीवरून. व्हॉक्सहॉलची मालक कंपनी होती अमेरिकेची जनरल मोटर्स, आणि पॉन्टिअॅकही तिचीच. म्हणजे आमची कॉन्टेसा जीटीओची लांबची चुलत बहीण लागते. भाच्याला हे सांगितल्यावर तो एकदम खूश झाला.

पीथमपूरचं नातं

इंदूरला देखण्या गाड्यांचं वेड नवं नाही. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग घेतली आणि तिची बॉडी इंग्लंडच्या गर्नी नटिंग कंपनीकडून बनवून घेतली. आपल्यासारख्या नोकरदार घरांना मात्र १९८० च्या दशकापर्यंत स्कूटर हीच गाडी होती.

बाबा पीथमपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. इंदूरहून रोज स्टाफ बसनं जाऊन-येऊन. १९८० च्या दशकात तिथे माळरानावर एकेक कारखाना उभा राहत गेला, त्यातलाच एक हिंदुस्थान मोटर्सचा. गाडी तयार व्हायची बंगालमध्ये उत्तरपाड्याला, पण इसुझू इंजिन बनायचं पीथमपूरला. बाबांचे दोन मित्र तिथे कामाला होते. त्यामुळे कॉन्टेसा म्हटली की बाबांना ती परकी कधी वाटलीच नाही. "हिचं काळीज आपल्याकडचं आहे," असं ते पाहुण्यांना ऐकवायचे.

१९९३ साली एका गिरणीच्या निवृत्त अधिकाऱ्यानं आपली १९८९ ची कॉन्टेसा विकायला काढली. माझा जन्मही १९८९ चाच, त्यामुळे गाडी आणि मी बरोबरीचे. त्या काळात मारुती ८०० घेणं शहाणपणाचं होतं. आईचंही तेच मत होतं. आजोबांनी मात्र निकाल दिला: "मारुतीत आपण सगळे मावणार नाही. कोणाला तरी घरी ठेवून जावं लागेल. ती गाडी काय कामाची?"

पुढच्या सोळा वर्षांत पेट्रोलचा खर्च, पार्किंगची भांडणं, काहीही निघालं की आई म्हणायची, "सगळे मावायला हवे होते ना!" आणि आजोबा पेपरात तोंड घालायचे.

एकच रस्ता, दोन नावं

आत्या नाशिकला. दर मे महिन्यात आमची स्वारी तिकडे. इंदुरात ज्याला आपण एबी रोड म्हणतो, तोच पुढे नाशिककरांचा मुंबई-आग्रा रोड. चारशे किलोमीटरच्या वर अंतर, लिटरला आठ-नऊचं अॅव्हरेज, म्हणजे जाताना जवळपास पन्नास लिटर पेट्रोल. बाबा वर्षभर त्यासाठी वेगळे पैसे बाजूला टाकायचे.

जागा ठरलेल्या. स्टिअरिंगवर बाबा, शेजारी आजोबा. मागे डावीकडे आजी, उजवीकडे आई, मध्ये ताई आणि मी. डिकीत एक लोखंडी ट्रंक, लोणच्याच्या दोन बरण्या, आत्यासाठी दोन किलो इंदुरी शेव आणि तो पाण्याचा कॅन. पहाटे चारला निघायचं. मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदा लागली की गाडी हळू व्हायची. आजोबा काच खाली करून "नर्मदे हर" म्हणत नाणं टाकायचे. आम्हा दोघांनाही एकेक नाणं मिळायचं, आणि माझं दर वेळी पुलाच्या कठड्याला लागून रस्त्यावरच पडायचं.

सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट. मे महिन्याच्या उन्हात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला की गाडीतलं बोलणं थांबायचं. देवीच्या देवळापाशी बॉनेट उघडून अर्धा तास थांबायचं हे ठरलेलंच. बाबा रेडिएटरचं झाकण लगेच उघडू द्यायचे नाहीत. "आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं. आधी निवू दे." दाब, तापमान आणि धीर हे तीन धडे मी तिथे शिकलो. इंजिनिअरिंगला ते पुन्हा आले तेव्हा सोपे गेले.

घाटापलीकडे महाराष्ट्र. पाट्या मराठीत दिसू लागल्या की आजी त्या मोठ्यानं वाचायची. शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड. तिचं सगळं आयुष्य इंदुरात गेलं होतं. दुकानांच्या पाट्यासुद्धा ती पोथीसारख्या वाचायची. आम्ही हसायचो. आता ताईचा मुलगा मराठी वाचताना अडखळतो, तेव्हा ती मागची सीट आठवते.

गाडी एका दिवसात जात नाही

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी प्रणाली बंद पडते तेव्हा ती बहुधा बिघडलेली नसते. ती सांभाळणारी माणसं आणि तिच्या जोडीच्या गोष्टी हळूहळू निघून गेलेल्या असतात. कॉन्टेसाचं तसंच झालं.

२००२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. इंजिनाची फार चिंता नव्हती, कारण तेच इसुझू इंजिन अॅम्बेसेडरमध्येही येत होतं आणि त्याचे सुटे भाग मिळत होते. अडचण बाकीच्या अंगाची. दिवे, दाराची हँडलं, काचेभोवतीचं रबर बीडिंग, पुढची काच. २००६ मध्ये ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या दगडानं पुढची काच तडकली. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळं इंदूर 'उस्ताद' म्हणायचं, ते हात पुसत म्हणाले, "बाबूजी, इंजन तो अभी बीस साल और चलेगा, पर काँच कहाँ से लाऊँ?" चार महिन्यांनी एक जुनी काच मिळाली, पण बीडिंग नीट बसलं नाही. पावसाळ्यात पाणी आत झिरपायला लागलं आणि पायाखालचा पत्रा गंजला. एका दिवाळीत ताईनं मॅटिंग उचललं तर खाली रस्ता दिसला.

तिकडे माणसंही कमी होत गेली. २००४ च्या उज्जैनच्या सिंहस्थाला आत्याकडची मंडळी आली, तेव्हा गाडी शेवटची पूर्ण भरली. पुढच्या वर्षी आजोबा गेले. ताई लग्न होऊन पुण्याला. आजीला लांबचा प्रवास झेपेना. आईबाबा नाशिकला रात्रीच्या स्लीपर बसनं जाऊ लागले. साडेचार मीटरांपेक्षा लांब गाडी दारात उभी आणि बसणारे दोघं. आठवड्यातून एकदा बाबा ती सुरू करायचे, दहा मिनिटं इंजिन चालवायचे आणि बंद करून घरात यायचे.

अठ्ठावीस हजार

पंधरा वर्षांनंतरचं एक नूतनीकरण झालं होतं. २००९ मध्ये दुसरं आलं. त्यासाठी पत्र्याचं काम करणं भागच होतं आणि त्याचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. देवासच्या एका गृहस्थांना लग्नाच्या वरातीसाठी गाडी हवी होती. सौदा अठ्ठावीस हजारांत झाला.

बाबांनी आदल्या दिवशी ती धुतली. रविवार नव्हता, गुरुवार होता. आजीनं रुमाल काढून घेतला आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात लावला. गणपती मात्र तिनं काढला नाही. "नव्या माणसालाही लागेल," म्हणाली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर बाबा म्हणाले, "चला, आता दारात जागा झाली." त्यानंतर दोन-तीन वर्षं त्यांनी त्या जागेत दुसरं काहीही लावू दिलं नाही, माझी मोटारसायकलसुद्धा.

त्या अठ्ठावीस हजारांत थोडी भर घालून त्यांनी मला लॅपटॉप घेऊन दिला. मी बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला होतो. त्यावर मी प्रोजेक्ट केला आणि त्यावरच कॅम्पसची तयारी केली. आज माझं घर ज्या कामावर चालतं ते तिथून सुरू झालं. बाबांनी याचा कधी उल्लेख केला नाही. आईनंच एकदा जेवताना सांगितलं, "कॉन्टेसा कुठे गेली? तुझ्या टेबलावर आली."

काही वर्षांपूर्वी उस्तादांच्या मुलाकडून कळलं की वरातीचा धंदा फार चालला नाही, बॉडी भंगारात गेली आणि इंजिन एका अॅम्बेसेडरमध्ये बसवलं गेलं. मला ते ऐकून वाईट वाटलं. बाबांना सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस काढले. शेवटी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "इंजिन चालतंय ना?" हो म्हटल्यावर त्यांनी चहा मागितला आणि त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी पीथमपूरच्या गोष्टी सांगत बसले.

तुमच्या दारात अशी गाडी असेल तर

आपल्यापैकी काहींच्या घरी अजून एखादी पद्मिनी, अॅम्बेसेडर किंवा कॉन्टेसा ताडपत्रीखाली असेल. त्यांच्यासाठी थोडं उपयोगाचं.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. २०२२ पासून त्याचं शुल्क बरंच वाढलंय. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते, तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, पण ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. या हिशेबानं आमची गाडी २०३९ मध्ये व्हिंटेज झाली असती. पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतची पस्तीस वर्षं गाडी ना नवी असते ना वारसा. तो काळ तिला घरच्यांनीच काढून द्यावा लागतो. जमणार असेल तर काच, बीडिंग आणि दिवे मिळतील तेव्हा घेऊन ठेवा, इंजिनाचं नंतर बघता येतं. पत्र्यावर पाणी साचू देऊ नका.

जमणार नसेल तर विकण्यात कमीपणा नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा, आणि जुन्या आरसीची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

आणि एक काम गाडी दारात असतानाच करा. आमच्या अल्बममध्ये कॉन्टेसाचे अकरा फोटो आहेत. एकातही ती अख्खी दिसत नाही, कारण दर फोटोत तिच्यासमोर कोणीतरी उभं आहे. मुंजीचे कपडे घातलेला मी, साडी सावरणारी आत्या, बॉनेटवर कोपर टेकलेले आजोबा. तुम्ही गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढाच, पण एक फोटो सगळ्यांना आपापल्या ठरलेल्या जागी बसवून, दारं उघडी ठेवून काढा. कोण कुठे बसायचं हे पुढच्या पिढीला तोंडी सांगून कळत नाही.