ढगांवर जगणारी बेटे

पिंजऱ्यात पाळतात तो पिवळा, गोड गळ्याचा कॅनरी पक्षी तुमच्या मुलांना माहीत असेल. त्याला हे नाव मिळाले अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांवरून. मग बेटांना नाव कशावरून मिळाले? रोमन लेखक प्लिनी म्हणतो, कुत्र्यांवरून! उत्तर आफ्रिकेतल्या मॉरेटानियाचा राजा जुबा (दुसरा) याची माणसे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या बेटांकडे गेली होती. तिथल्या एका बेटावरून त्यांनी दोन दांडगे कुत्रे राजाकडे आणले. लॅटिनमध्ये कॅनिस म्हणजे कुत्रा.

आता नकाशा उघडू. २८ अंश उत्तर अक्षवृत्तावर बोट ठेवून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापाशी या. हेच अक्षवृत्त आपल्याकडे बिकानेरजवळून जाते आणि आफ्रिकेत सहारा ओलांडते. किनाऱ्यापासून साधारण १०० किलोमीटरवर पहिले मोठे बेट लागते, फुएर्तेव्हेंतुरा. तिथून पश्चिमेकडे लहानमोठी बेटे पसरली आहेत. वस्ती असलेली आठ. सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडे कमीच. बेटे आज स्पेनची आहेत, पण स्पेनची मुख्य भूमी हजारएक किलोमीटर दूर आहे.

ही सगळी ज्वालामुखींनी समुद्रतळावरून उभारलेली बेटे. पूर्वेकडची सर्वांत जुनी (फुएर्तेव्हेंतुराचे वय २ कोटी वर्षांहून अधिक), तर पश्चिम टोकाचे एल हिएरो जेमतेम १०-१२ लाख वर्षांचे. जुनी बेटे झिजून बुटकी झाली, नवी अजून उंच आहेत. मधल्या टेनेरीफवर टेडे हे ३७१५ मीटर उंचीचे शिखर आहे. काम अजून थांबलेले नाही. ला पाल्मा बेटावर २०२१ साली उद्रेक झाला, तो ८५ दिवस चालला.

सहाराच्या इतक्या जवळ, त्यात मध्य अक्षवृत्तीय जादा दाबाच्या पट्ट्यात, म्हणजे ही बेटे रखरखीत असायला हवीत. फुएर्तेव्हेंतुरा आणि लान्झारोटे तशी आहेतही. तिथे वर्षाला १५० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. पण टेनेरीफच्या उत्तर उतारावर गेलो तर शेवाळाने लगडलेले सदाहरित जंगल लागते. असे का?

ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे कॅनरी शीत प्रवाहावरून येतात, त्यामुळे खालची हवा थंड आणि दमट असते. जादा दाबाच्या पट्ट्यात वरची हवा मात्र खाली उतरत असते. उतरताना ती दाबली जाते, तापते, कोरडी होते. साधारण दीड हजार मीटरच्या सुमारास या दोन थरांची गाठ पडते. एरवी वर जावे तसे तापमान उतरते, इथे या उंचीवर ते एकदम वाढते. वर्गात आपण तापमानाची विपरीतता शिकवतो, ती हीच. उबदार थर झाकणासारखा बसतो. डोंगराला अडून वर चढणारी दमट हवा त्या झाकणाखाली कोंडते आणि तिथे ढगांचा पट्टा तयार होतो. टेडेवर उभे राहिले तर ढगांचा समुद्र पायांखाली असतो आणि डोक्यावर निरभ्र आकाश. बुटकी बेटे या पट्ट्यापर्यंत नीट पोचतच नाहीत, म्हणून ती कोरडी. सह्याद्रीची पर्जन्यछाया शिकवताना हे उदाहरण शेजारी ठेवण्याजोगे आहे. तिथे प्रश्न डोंगराच्या कोणत्या बाजूला आहात एवढाच नसतो, किती उंचीवर आहात हाही असतो.

या पट्ट्यात पाऊस फार पडत नाही, ढगच झाडांना घासून जातात. पानांवर थेंब जमतात, ओघळतात, जमिनीत मुरतात. जंगलातली बरीच झाडे आपल्या दालचिनी-तमालपत्राच्या कुळातली आहेत. एल हिएरोवर अशाच एका मोठ्या झाडाखाली खड्डे खणून लोक ठिबकणारे पाणी साठवत. १६१० साली वादळात ते झाड पडले.

हे पाणी पिणारे लोक कोण? युरोपीय खलाशी पोचले तेव्हा अझोर्स, मदेरा, केप व्हर्दे ही अटलांटिकमधली शेजारची बेटे निर्मनुष्य होती, कॅनरी बेटांवर मात्र माणसे होती. टेनेरीफच्या लोकांना ग्वांचे म्हणत, पुढे सर्वांनाच ते नाव पडले. ते बार्ली पिकवत, शेळ्या-मेंढ्या पाळत, आपल्या मृतांची शरीरे वाळवून गुहांत जपत. बेटांवर धातुकाचे नाहीत, म्हणून हत्यारे दगडाची, हाडाची, लाकडाची. खडकांवर कोरलेली अक्षरे उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लिपीशी जुळतात आणि जुन्या सांगाड्यांतले डीएनएही तिकडेच बोट दाखवते.

ते कधी आले, यावर बराच वाद झाला. कोळशाच्या कार्बन-१४ कालमापनातून फार जुन्या तारखा निघत. पण लाकूड जुन्या झाडाचे असेल तर तारीख झाडाची मिळते, चूल पेटवणाऱ्याची नाही. बिया आणि हाडे तपासल्यावर ही वस्ती इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली ठरते. एक कोडे उरतेच. युरोपीय लोकांना त्यांच्याकडे समुद्रावर जाणाऱ्या होड्या आढळल्या नाहीत. शेजारचे बेट डोळ्यांना दिसते, पण जाणे-येणे नाही! ते स्वतः आले आणि नौकानयन विसरले, की कुणी आणून सोडले, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

१४०२ मध्ये लान्झारोटेवर स्वारी झाली आणि १४९६ मध्ये टेनेरीफ पडले. मूठभर बेटे घ्यायला ९४ वर्षे लागली, तीही बंदुका आणि घोडे हाती असताना. १४९४ च्या आसेन्तेखोच्या लढाईत दरीत अडकलेल्या स्पॅनिश फौजेची ग्वांच्यांनी धूळधाण केली होती. शेवटी युद्ध, रोगराई आणि गुलामांचा व्यापार यांनी त्यांचा समाज मोडला. रिकाम्या जमिनीवर ऊस आला. कोलंबस ६ सप्टेंबर १४९२ रोजी याच बेटांतल्या ला गोमेराहून पश्चिमेला निघाला. पुढे कॅरिबियन बेटांवर जे घडले, त्याची तालीम इथे आधीच चालू होती असे आम्हाला वाटते.

ग्वांचे नामशेष झाले, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रान कॅनारियाच्या आजच्या रहिवाशांत १६ ते ३१ टक्के वारसा या मूळ लोकांचा असल्याचा अंदाज निघाला. त्यातही आईकडून येणारे डीएनए बरेच टिकले आहे, बापाकडून मुलाकडे जाणारे फारच कमी. पुरुष मारले गेले किंवा विकले गेले आणि स्त्रिया जेत्यांच्या घरांत राहिल्या, हे या आकड्यांतून वाचता येते. कोणत्याही बखरीने ते इतक्या स्पष्टपणे सांगितलेले नाही.

भाषा मात्र गेली. काही गावांची नावे आणि थोडे शब्द उरले. त्यांतला एक गोफियो, म्हणजे भाजलेल्या धान्याचे पीठ, आपल्या सातूच्या पिठाचे भावंडच. गुहांतल्या जुन्या कोठारांत सापडलेल्या बार्लीचे डीएनए तपासले, तेव्हा आजही तिथले शेतकरी पेरतात ते गावठी बियाणे त्याच वाणाचे वंशज असल्याचे दिसले.