वाघ, वर्गणी आणि इतिवृत्ताचं रजिस्टर

'आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संस्था' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरे कोट, सूक्ष्मदर्शक, स्वित्झर्लंडमधली एखादी काचेची इमारत... माझ्याही डोळ्यांसमोर हेच यायचं. पण अशी संस्था रोजच्या रोज चालते ती सभासदांची यादी, वर्गणीच्या पावत्या, सभेची नोटीस, इतिवृत्त आणि मतमोजणी यांच्यावर. ऐकायलाच कंटाळवाणं, नाही का? पण आपल्या ताडोबात आज वाघ आहे, त्यात या कंटाळवाण्या कामाचा मोठा वाटा आहे. कसा, ते सांगते.

ही संस्था म्हणजे आययूसीएन, अर्थात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रान्समधल्या फाँतेनब्लो इथे १८ सरकारं, ७ आंतरराष्ट्रीय संस्था आणि १०७ राष्ट्रीय संस्था यांच्या प्रतिनिधींनी तिच्या स्थापनेच्या कागदावर सह्या केल्या. युनेस्कोचे पहिले महासंचालक ज्युलियन हक्सली यांचा त्यात पुढाकार होता. आज तिचे १४०० हून जास्त सभासद आहेत आणि मुख्य कचेरी स्वित्झर्लंडमधल्या ग्लां या छोट्या गावी आहे. गंमत म्हणजे देशांची सरकारं आणि खाजगी स्वयंसेवी संस्था इथे एकाच छपराखाली सभासद असतात. आपले एम. एस. स्वामिनाथन १९८४ ते १९९० या काळात तिचे अध्यक्ष होते.

आता कारभार कसा चालतो ते पाहू. होस्टेलवाल्यांना समजायला सोपं जावं म्हणून मेस कमिटीचं उदाहरण घेऊ. मेसमध्ये जेवणारे सगळे मिळून जी सभा भरते ती महासभा. इथे ती साधारण चार वर्षांतून एकदा भरते. अलीकडची ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीला झाली. ही सभा अध्यक्ष, खजिनदार आणि कौन्सिल निवडते. कौन्सिल म्हणजे आपली कमिटी. कमिटी नेमते तो मॅनेजर, म्हणजे इथला महासंचालक. त्याच्या हाताखाली सचिवालयाचा पगारी स्टाफ. आणि खरं शास्त्रीय काम कोण करतं? तर वेगवेगळ्या आयोगांवर असलेले जगभरचे हजारो तज्ज्ञ, तेही बिनपगारी! कुठल्या प्राण्याची स्थिती किती वाईट आहे हे सांगणारी प्रसिद्ध 'रेड लिस्ट' अशाच लोकांच्या कामातून तयार होते.

बिनपगारी लोकांकडून वेळेत काम करून घेणं किती कठीण असतं, हे गॅदरिंगचं काम केलेल्या कुणालाही विचारा. कुणी रिपोर्ट उशिरा देतो, कुणी फॉर्म अर्धवट भरतो, कुणी पत्राला उत्तरच देत नाही. म्हणूनच सचिवालय लागतं. मजकूर ठरलेल्या नमुन्यात आला का, दुसऱ्या तज्ज्ञाने तो तपासला का, जुनी नोंद कुठे आहे, हे सगळं पाहणारं कुणी नसेल तर तज्ज्ञांचं ज्ञान त्यांच्या टेबलाच्या खणातच राहील.

मग येतो पैसा. सरकारांची वर्गणी त्या त्या देशाच्या ऐपतीप्रमाणे ठरते, संस्थांची त्यांच्या खर्चाच्या आकाराप्रमाणे. मेसचं बिल थकलं की ताट बंद, तसं इथे वर्गणी थकली की मताचा हक्क बंद! सुरुवातीच्या काळात आययूसीएनचे पैशाचे हाल होते. नुसत्या वर्गणीवर भागत नव्हतं. १९६१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे तो पांडाचं चित्र असलेला जागतिक वन्यजीव निधी, स्थापन झाला. निसर्ग रक्षणासाठी पैसा उभा करणं हे त्याचं काम होतं, आणि त्यामागे आययूसीएनची ही अडचण होती.

आता ठरावांबद्दल. कुणीतरी उठून भाषण केलं म्हणजे ठराव होत नाही. सभासद संस्थेनेच तो मांडायचा, त्याला इतर सभासदांचं अनुमोदन हवं, ठरलेल्या मुदतीत लेखी द्यायचा, मग त्याचा मसुदा घासूनपुसून सभेपुढे येतो. मतदानात सरकारी गटाची मतं वेगळी मोजतात आणि बिगरसरकारी गटाची वेगळी. दोन्हीकडे बहुमत मिळालं तरच ठराव पास. म्हणजे नुसत्या सरकारांना किंवा नुसत्या संस्थांना एकट्याने रेटून नेता येत नाही. ही दोन गटांची पद्धत मला फार हुशारीची वाटली.

या यंत्रणेचा आपल्याशी संबंध आला तो नोव्हेंबर १९६९ मध्ये. आययूसीएनची दहावी महासभा नवी दिल्लीत भरली. उद्घाटन पंतप्रधान इंदिरा गांधींनी केलं. राजस्थानचे वनाधिकारी कैलाश सांखला यांनी वाघांची संख्या किती घटली आहे हे तिथे मांडलं. हा झाला शास्त्राचा भाग. पण सभा तेवढ्यावर थांबली नाही. वाघ धोक्यात आलेल्या प्राण्यांमध्ये धरला गेला आणि त्याची शिकार थांबवावी असा ठराव झाला. ठराव म्हणजे कायदा नव्हे, तो कुणावर सक्ती करू शकत नाही. पण जगभरच्या सरकारांच्या आणि संस्थांच्या साक्षीने, तेही आपल्याच राजधानीत, नोंदवलेला तो कागद होता. १९७० मध्ये भारतात वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्याच वर्षीच्या गणनेत देशात अवघे १८२७ वाघ निघाले, आणि १ एप्रिल १९७३ ला 'प्रोजेक्ट टायगर' सुरू झाला. त्याचे पहिले संचालक हेच सांखला. पहिल्या नऊ प्रकल्पांत महाराष्ट्रातून मेळघाट होतं. १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान असलेला ताडोबा व्याघ्र प्रकल्पात आला तो १९९५ मध्ये.

इथवर गोष्ट छान वाटते. पण चंद्रपूर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला तिची दुसरी बाजू सांगावी लागत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाघ वाचला पाहिजे हे खरंच. पण ज्यांच्या जंगलात तो वाचतो, त्यांना त्या सभेत खुर्ची होती का? १९६९ मध्ये नव्हती. आदिवासींच्या संघटनांसाठी सभासदत्वाचा वेगळा वर्ग आययूसीएनने सुरू केला तो २०१६ मध्ये, हवाईच्या महासभेत. स्थापनेनंतर ६८ वर्षांनी! आणि दार उघडलं तरी आत जायला अर्ज, घटना, हिशेब, वर्गणी लागतेच. अधिकृत भाषा तीन: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश. त्यात मराठीही नाही, मग गोंडी कुठली असणार?

कुणी म्हणेल, गावातल्या लोकांना हे कागदी काम जमणार आहे का? त्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गोंड गावाकडे पाहावं. तिथली ग्रामसभा निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेते. आधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, मग सभेत बोलायचं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क हातात असूनही बांबू विकता येईना, कारण वाहतूक पास देणार वनखातं! पास नाही तर ट्रक हलत नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी पासाचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून बांबूचा हिशेब, मजुरीची हजेरी, पैशाची नोंद हे सगळं गावाने ठेवायचं. देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांनी वर्षानुवर्षं जी मेहनत घेतली, तिच्यात भाषणांपेक्षा बैठका आणि नोंदी जास्त होत्या.

ग्लांची कचेरी आणि मेंढ्याची ग्रामसभा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच दिसते. यादी कोण ठेवतो, पास कोण फाडतो, इतिवृत्त कोण लिहितो, यावरून ठरतं की शेवटी कुणाचं ऐकलं जाणार.

आपण इंजिनिअरिंगवाले या कामाला 'क्लार्की' म्हणून नाक मुरडतो. टेक्निकल चॅप्टरमध्ये सगळ्यांना प्रेसिडेंट व्हायचं असतं, सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसतं. पण मराठी, हिंदी, इंग्रजी, जमल्यास गोंडी, असं सगळं येणारी मुलं याच दोन जिल्ह्यांतून आपल्या वर्गांत येऊन बसली आहेत. अर्ज भरणं, हिशेब मांडणं, ठरावाचा मसुदा नीट लिहिणं हे त्यांनी शिकून घेतलं, तर पुढच्या एखाद्या महासभेत तेंदूपानं तोडणाऱ्या बाईचं म्हणणंही नोंदवलं जाईल. सुरुवात म्हणून पुढच्या मेस मीटिंगचं इतिवृत्त कोण लिहितंय, सांगा बरं?